तपकिरी बोर्डाला पंच, काचेच्या बोर्डाला ड्रिल: पीसीबीवरची बारीक भोकं पाडतात तरी कशी?

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून काही मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला सांगताना आजही सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव. दादर, परळ, गिरगावपासून ते पार डोंबिवलीपर्यंतच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या पोरांची प्रोजेक्टच्या दिवसांत इथे एक तरी फेरी होतेच.

तिथे कोरा कॉपर क्लॅड बोर्ड मागितला की दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो. हायलम देऊ की ग्लास?

बहुतेक पोरं स्वस्त कुठला ते विचारतात आणि तो घेतात. स्वस्त म्हणजे तपकिरी, हायलमवाला. मग घरी येऊन डिझाईन उमटवायचं, फेरिक क्लोराईडमध्ये नको असलेलं तांबं विरघळवायचं आणि शेवटी भोकं पाडायची. सबमिशनच्या आदल्या रात्री घोटाळा होतो तो याच शेवटच्या पायरीवर. कुठे ड्रिलचा बिट मोडतो, कुठे तांब्याचं गोल वळं उचकटून हातात येतं, तर कुठे दोन भोकांच्या मधून बोर्डाला सरळ चीर जाते. दोष आपल्या हाताला दिला जातो. पण त्यातला अर्धा निकाल दुकानात त्या प्रश्नाचं उत्तर देतानाच लागलेला असतो. कारण भोक कसं पाडायचं हे मशीन ठरवत नाही, बोर्डाच्या पोटात काय आहे त्यावर ते ठरतं.

आधी, ही भोकं लागतात कशाला?

पीसीबी म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. वीज वाहून न नेणारा एक पातळ पत्रा आणि त्यावर चिकटवलेला तांब्याचा पापुद्रा. तो पापुद्रा जिथे हवा तिथे ठेवायचा, बाकीचा काढून टाकायचा, म्हणजे उरलेल्या रेघा तारांचं काम करतात. पॉल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९३६ साली लंडनमध्ये या पद्धतीने रेडिओ जोडून दाखवला होता.

रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी यांचे पाय या पत्र्यातून आरपार जाऊन मागे सोल्डर व्हायचे असतील तर भोक हवंच. नेहमीच्या बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर, त्यावरचं तांबं ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागापेक्षा थोडं जास्त. आयसीच्या किंवा रेझिस्टरच्या पायाला ०.८ ते १ मिलिमीटरचं भोक पुरतं. १एन४००७ सारख्या डायोडचे पाय जाड, त्यांना १ मिलिमीटरच्या वरचं लागतं. आयसीचे दोन शेजारचे पाय २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे इंचाचा बरोबर दहावा भाग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

कागद की काच?

दुकानदार ज्याला हायलम म्हणतो तो बोर्ड खरं तर कागदाचा असतो. कागदाचे अनेक थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे आणि उष्णता देऊन प्रचंड दाबाखाली एकजीव करायचे. हे रेझिन म्हणजे लिओ बेकलंडने १९०७ साली शोधलेल्या बॅकेलाईटच्याच घराण्यातलं. हायलम हे मुळात एका कंपनीचं नाव. पण झेरॉक्सचं जे झालं तेच याचंही झालं, आणि आपल्याकडे या जातीच्या सगळ्याच शीटना कारागीर हायलम म्हणू लागले. तांत्रिक भाषेत या बोर्डांना एफआर-१, एफआर-२ अशी नावं आहेत.

ग्लास म्हणजे ग्लास इपॉक्सी, अर्थात एफआर-४. यात कागदाच्या जागी काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड असतं आणि रेझिन इपॉक्सीचं. दोन्हींच्या मधला एक प्रकार सीईएम-१. त्याच्या पोटात कागद आणि वरखाली काचेचं कापड.

ओळखायचं कसं? बोर्डाच्या जिथे तांबं नाही त्या भागामागे मोबाईलचा टॉर्च लावा. कागदी बोर्ड तपकिरी आणि मंद दिसतो. काचेच्या बोर्डातून उजेड आरपार येतो आणि कापडाची उभी-आडवी वीण चक्क दिसते. बोर्डाच्या हिरव्या रंगावर जाऊ नका. तो वरून दिलेला सोल्डर मास्क असतो, तो कशावरही देता येतो.

आता मुद्द्याचं. कागदी बोर्डात भोक पंच करता येतं, म्हणजे एका दणक्यात आरपार पाडता येतं. विणलेल्या काचेच्या बोर्डाला असा दणका सोसत नाही. भोकाभोवती धागे रेझिनपासून सुटतात आणि पांढरट कडं उमटतं, भिंत खडबडीत राहते आणि काच पंचाची धार भराभर खाऊन टाकते. म्हणून त्याला ड्रिल.

एका दणक्यात दोनशे भोकं

पंचिंगचं तत्त्व ऑफिसातल्या कागद पंच करायच्या यंत्रासारखंच. वर पंच, खाली डाय. पंच म्हणजे कडक पोलादाची पिन, डाय म्हणजे तिच्या बरोबर खाली त्याच आकाराचं, जरासं मोठं भोक असलेला ठोकळा. मध्ये बोर्ड ठेवायचा आणि पॉवर प्रेसने दाब द्यायचा. भोकातला तुकडा खाली पडतो.

ऐकायला सोपं आहे, पण जोर किती लागतो ते बघा. १ मिलिमीटर भोकाचा परीघ ३.१४ मिलिमीटर. त्याला १.६ जाडीने गुणलं की कापायची भिंत झाली सुमारे ५ चौरस मिलिमीटर. कागदी बोर्ड कापायला चौरस मिलिमीटरमागे साधारण ८० न्यूटन धरले तर एका भोकाला ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाचा जोर. मायक्रोटिप पेन्सिलच्या शिशाएवढ्या पिनेवर जवळपास सिमेंटच्या गोणीएवढा भार! आणि एका बोर्डावर दोनशे भोकं असतील तर प्रेस हवा आठ टनांहून मोठा.

म्हणून टूलमेकर एक युक्ती करतो. सगळे पंच एकाच लांबीचे ठेवत नाही. काही जरा लांब, काही जरा आखूड. मग ते एकदम न लागता पाठोपाठ लागतात आणि प्रेसवरचा भार वाटला जातो.

खरी कसरत मात्र पंच आत जाताना नसते, बाहेर येताना असते. कागदी बोर्ड लवचिक असतो. पंच घुसला की तो बाजूला सरतो आणि लगेच परत मिटतो, पिनेला घट्ट धरून ठेवतो. पंच वर जाताना बोर्ड त्याच्याबरोबर उचलला जाऊ नये म्हणून वर स्ट्रिपर प्लेट लावावी लागते. ती बोर्ड दाबून ठेवते आणि बारीक पंचांना आधारही देते, नाहीतर ते वाकून मोडतील. या मिटण्यामुळे आणखी एक गंमत होते. पडलेलं भोक पंचापेक्षा थोडं लहान निघतं. म्हणजे १ मिलिमीटरचं भोक हवं असेल तर पंच त्याहून किंचित मोठा करावा लागतो.

पंच आणि डाय यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. कागदी बोर्डाला ती जरा जास्त चालते, काचेच्या जातीला त्याहून कमी लागते. फट वाढली की भोकाची खालची कड भुगा झाल्यासारखी तुटते.

बोर्ड थोडा कोमट असला तर चिरा कमी पडतात. थंडीत ठणठणीत कडक झालेला कागदी बोर्ड पंच करू नये, तो साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सिअसला आणून मग करावा असा या धंद्यातला जुना संकेत आहे. थंड देशांतल्या कारखान्यांना त्यासाठी हीटर लावावा लागतो. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ही सोय निसर्गच फुकटात करून देतो. पण जास्त तापवूनही चालत नाही, मग माल भुसभुशीत होतो आणि डायची भोकं तुकड्यांनी तुंबतात.

बोर्ड ठेवायचा तो तांब्याची बाजू वर करून. पंच तांब्याकडून शिरला की तांबं बोर्डावर दाबलं जातं. उलटीकडून शिरला तर बाहेर पडताना तेच तांबं ढकलून सोलून काढतो. दोन्ही बाजूंना तांबं असेल तर एक बाजू नेहमीच धोक्यात, म्हणून पंचिंग हे मुख्यतः एकाच बाजूला सर्किट असलेल्या बोर्डांचं काम.

आता तो २.५४ चा आकडा. भोक बोर्डाच्या जाडीच्या निदान अर्ध्याइतकं, शक्यतो दोन तृतीयांश असावं आणि दोन भोकांमध्ये निदान जाडीएवढा माल शिल्लक राहावा, असा पंचिंगचा ढोबळ नियम आहे. आयसीच्या दोन पायांमधल्या २.५४ मधून १ मिलिमीटर भोक वजा करा. उरले १.५४, आणि बोर्डाची जाडी १.६! म्हणजे आयसीच्या पायांची रांग ही मुळातच या नियमाच्या उंबरठ्यावर उभी आहे. चीर नेमकी तिथूनच का जाते ते यावरून कळेल.

लॅमिंग्टन रोडवर मिळणारा झिरो पीसीबी याचा उत्तम नमुना. तपकिरी, स्वस्त, २.५४ च्या जाळीत शेकडो भोकं. ही एकेक करून ड्रिल करायची म्हटलं तर त्या किमतीत तो परवडलाच नसता. झिरो पीसीबीचा तुकडा हवा असेल तर अनुभवी पोरं करवत शोधत बसत नाहीत. भोकांच्या रांगेवर कटरने दोन्हीकडून ओरखडा काढतात आणि टेबलाच्या कडेवर मोडतात. चीर रांगेतून बरोब्बर सरळ जाते. कारखान्याची डोकेदुखी ती यांची सोय.

मग सगळेच पंच का करत नाहीत?

कारण डाय. दोनशे पंच आणि त्याखालची दोनशे भोकं अचूक जुळवायची, पोलाद कडक करायचं, घासायचं. हे सगळं एकाच डिझाईनसाठी. उद्या सर्किटमधला एक कपॅसिटर चार मिलिमीटर सरकवला की डाय बदला. त्यामुळे एकसारखे हजारो बोर्ड काढायचे असतील तरच तिचा खर्च वसूल होतो. जुने टीव्ही, रेडिओ, रिमोट, स्वस्त चार्जर यांत तपकिरी बोर्ड दिसतात ते यामुळेच.

हल्लीचं उदाहरण तर प्रत्येकाच्या घरात लटकलेलं आहे. बंद पडलेल्या एलईडी बल्बची वरची टोपी काढा. आत गोल पांढरी चकती दिसेल. ती बहुतेकदा ॲल्युमिनियमची असते, वर वीजरोधक थर आणि त्यावर तांबं. अशा चकत्या लाखांनी लागतात, सगळ्या सारख्या, मग वायर आणि स्क्रूची भोकं आणि चकतीचा गोल आकारही डायनेच कापतात. एलईडीचे पाय मात्र आरपार घालता येत नाहीत, ॲल्युमिनियमला लागून शॉर्ट होतील. म्हणून ते वरच्या वरच सोल्डर केलेले असतात.

या सगळ्यात माणसाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पॉवर प्रेस हे बोटं घेणारं मशीन म्हणून बदनाम आहे. बोर्ड आत सरकवणारा हात आणि खाली येणारा पंच यांची वेळ एकदाच चुकावी लागते. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही अशी रचना आणि पुढे जाळी, हे उपाय जुने आणि सोपे आहेत. कामाचा वेग वाढवायला त्यातलं एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवणं ही काटकसर नव्हे.

काचेला ड्रिल, आणि तेही भन्नाट वेगात

एफआर-४ ला टंगस्टन कार्बाईडचे बिट लागतात. साधा हाय स्पीड स्टीलचा बिट काचेवर काही डझन भोकांतच बोथट होतो. कारखान्यात सीएनसी ड्रिलचे स्पिंडल मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात.

एवढा वेग कशाला? धार किती वेगाने कापते ते परिघावर अवलंबून असतं. १ मिलिमीटरचा बिट मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याची कड मिनिटाला जेमतेम साडेनऊ मीटर जाते. तोच ६०,००० फेऱ्यांनी फिरवला तर १८८ मीटर. बिट जितका बारीक तितका वेग जास्त हवा, नाहीतर तो कापायच्या ऐवजी खुपसतो आणि मोडतो. बोर्डाच्या वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवतात म्हणजे बिट घसरत नाही, खाली पाठीला एक वाया घालवायचा बोर्ड ठेवतात म्हणजे कड फाटत नाही.

ड्रिलला डाय लागत नाही. कॉम्प्युटरमधली फाईल बदलली की डिझाईन बदललं. शिवाय दोन बाजूंच्या बोर्डात भोकाच्या भिंतीलाच तांबं चढवून वरची-खालची बाजू जोडायची असते, साधारण २० ते २५ मायक्रॉनचा थर. त्यासाठी भिंत स्वच्छ आणि सरळ लागते. पंचाने ती मिळत नाही. ऑनलाईन मागवलेले पाच-दहा बोर्ड इतक्या स्वस्तात पडतात त्यामागे हेही एक कारण आहे. प्रत्येक ऑर्डरला नवं टूल बनवावं लागत नाही. मोबाईलच्या बोर्डात तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी भोकं असतात. ती लेसरने पाडतात.

तुमच्या टेबलावर काय करायचं?

घरी पंच करायचा विचार सोडून द्या. चामड्याचा पंच किंवा आयलेटचा पक्कड १.६ च्या बोर्डावर चालत नाही, बोर्ड फुटतो. हे पंच पातळ प्लॅस्टिक शीट किंवा फिल्मसाठी ठीक.

हायलम घेतला असेल आणि हातात धरायचं छोटं ड्रिल असेल तर हाय स्पीड स्टीलचा बिटच घ्या. कार्बाईडचा बिट जास्त चांगला ऐकून तोच घेतला जातो, पण तो ठिसूळ असतो. हात जरा तिरका झाला की काडीसारखा तुटतो. कार्बाईड वापरायचा तर ड्रिल स्टँड हवाच. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवरच ०.८ आणि १ चे चार-पाच बिट एकदम घेऊन ठेवा, एक तर मोडणारच.

डिझाईन करतानाच प्रत्येक गोल वळ्याच्या मधोमध बारीक ठिपका रिकामा सोडा. तिथलं तांबं विरघळून खळगा तयार होतो आणि बिट आपोआप त्यात बसतो. तांब्याची बाजू वर ठेवा, खाली सपाट लाकडाचा तुकडा घट्ट लावा. खाली आधार नसेल तर बाहेर पडताना बिट कड फाडतो. वळं मोठं ठेवा. १ मिलिमीटरच्या भोकाला २ मिलिमीटरचं वळं असेल तर चहूबाजूंनी अर्धाच मिलिमीटर तांबं उरतं, भोक जरा सरकलं की तेही नाही. सोल्डरिंगच्या वेळी उचकटतात ती हीच वळी.

पावसाळ्याचं एक निराळंच. कागदी बोर्ड हवेतली ओल काचेच्या बोर्डापेक्षा जास्त शोषतो. जून ते सप्टेंबर मुंबईत उघड्यावर पडलेला हायलम वाकतो आणि गरम सोल्डर लागल्यावर त्याला फोड येऊ शकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.

धुळीकडे मात्र दुर्लक्ष नको. एफआर-४ चा भुगा म्हणजे काचेच्या धाग्यांचे तुकडे. त्वचेला खाज, डोळ्यांची आग, घशात खवखव. मास्क आणि चष्मा लावा, भुगा फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. हायलम तापला की उग्र वास येतो, तेव्हा थांबा आणि खिडकी उघडा. चाळीतल्या एका खोलीत हे काम चाललं असेल तर जेवणाचं ताट त्याच टेबलावर नको. आणि वापरलेलं फेरिक क्लोराईड मोरीत ओतू नका, पाईप खातं आणि त्यातलं विरघळलेलं तांबं पाण्यात जातं.

पंच संपलेला नाही

पंचिंग म्हणजे जुन्या जमान्याची स्वस्त पद्धत असं वाटत असेल तर उलट टोकाचं उदाहरण पुण्यात आहे. तिथल्या सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेत एलटीसीसी या प्रकारच्या सर्किटवर काम होतं. इथे बोर्ड कागदाचाही नाही आणि काचेच्या कापडाचाही नाही. सिरॅमिकची पावडर आणि चिकटद्रव्य मिसळून पापडासारखी लाटलेली, अजून न भाजलेली टेप असते. जाडी साधारण १०० ते २५० मायक्रॉन. ती इतकी मऊ असते की तिला पंचच बरा. भोकं ०.१ ते ०.२ मिलिमीटरची, कॉम्प्युटर सांगेल तिथे एकामागून एक.

त्या भोकांत चांदीची पेस्ट भरतात, वर रेघा छापतात, असे अनेक थर एकावर एक रचून दाबतात आणि साधारण ८५० अंशांना भाजतात. भाजताना सगळा ठोकळा आकसतो, नेहमीच्या टेपमध्ये लांबी-रुंदीत बारा-तेरा टक्के. म्हणून शेवटी दोन भोकं १० मिलिमीटर अंतरावर हवी असतील तर पंच करताना ती जवळपास साडेअकरा मिलिमीटरवर पाडतात.